अमावास्या, ग्रहण आणि बेने इस्राएल

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



सूर्यग्रहण नेहमी अमावास्येलाच का लागते, याचे उत्तर आता सातवीतील विद्यार्थीही देतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये चंद्र येतो तो दिवस अमावास्येचा. त्या दिवशी तिघेही अगदी एका रेषेत आले तर चंद्राची सावली पृथ्वीवर पडते. परंतु या साध्या गोष्टीतून निघणारी दुसरी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. नव्या चंद्राचा पहिला दिवस दर महिन्याला पवित्र मानून प्रार्थनेसाठी एकत्र जमणारा एक प्राचीन समाज जगात आहे. त्यामुळे सूर्याला जेव्हा जेव्हा ग्रहण लागते, तेव्हा तेव्हा त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांच्या आत हा समाज आपल्या प्रार्थनामंदिरात जमलेला असतो. ग्रहणासाठी तो जमत नाही. तो जमतो आणि ग्रहण तेथे येऊन गाठते. हा समाज यहुद्यांचा, आणि त्याची मराठी बोलणारी शाखा म्हणजे आपले कोकणातील बेने इस्राएल.

बेने इस्राएलांची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात स्त्रिया व सात पुरुष तेवढे वाचले. ग्रंथ समुद्रात गेले. 'हे इस्राएला, ऐक' या अर्थाच्या शब्दांनी सुरू होणारी 'शेमा' ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली. शिवाय शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम राहिले. घाणा चालवून तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावे पडली : दिवेआगरचे दिवेकर, किहिमचे किहिमकर, अष्टमीचे अष्टमकर. मुंबईत सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्राएल त्याला 'मशीद' म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. रोज त्या स्थानकावर उतरणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

नव्या चंद्राच्या दिवसाला हिब्रू भाषेत 'रोश होदेश' म्हणतात. याचा अर्थ महिन्याचे मस्तक. प्राचीन काळी चंद्राची कोर प्रत्यक्ष पाहिलेल्या साक्षीदारांनी यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभे राहावे, त्यांची उलटतपासणी व्हावी, आणि मग महिना सुरू झाल्याचे जाहीर व्हावे, अशी पद्धत होती. डोंगरांवर जाळ पेटवून ही बातमी दूरवर पोचवीत. पुढे लोक देशोदेशी पांगले, तेव्हा साक्षीदारांची जागा गणिताने घेतली. सन ३५८ च्या सुमारास दुसऱ्या हिल्लेलने ही गणिताची पद्धत प्रसिद्ध केली, असे परंपरा सांगते. तीत एका चांद्रमासाचे मान २९ दिवस, १२ तास आणि तासाचे १०८० भाग केले तर त्यांतील ७९३ भाग, असे धरले आहे. आजच्या वेधांशी ते अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या फरकाने जुळते. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ बसवायचा, ही त्यांची रीत. आपला अधिक महिना संक्रांतीच्या हिशेबाने येतो आणि त्यांचा एकोणीस वर्षांच्या चक्राने. परंतु दोघांची चिंता एकच, की सण आपापल्या ऋतूतून निसटू नयेत. आम्हां ख्रिस्ती लोकांचा पुनरुत्थानाचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर ठरतो, तोही याच जुन्या हिशेबाचा वारस आहे.

आता ग्रहणांकडे वळू. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण विज्ञानाच्या इतिहासात अमर झाले आहे. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि त्यातील एका पिवळ्या रेषेतून पुढे हेलियम या मूलद्रव्याचा पत्ता लागला. आपल्या विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिन पाळतात. ज्याचे नाव या संदर्भात घेतात तो लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हता, इंग्लंडात होता. पण ओटे दाखवणाऱ्यांच्या उत्साहावर विरजण घालण्याचे कारण नाही. मला सांगायचे आहे ते निराळेच. १८६८ चा तो मंगळवार यहुदी पंचांगाप्रमाणे अव महिन्याची ३० तारीख, म्हणजे एलुल महिन्याच्या रोश होदेशचा पहिला दिवस होता. एलुल हा पश्चात्तापाचा महिना. त्यातील उपवासाला जुने बेने इस्राएल शेजारच्या मुसलमानांचा शब्द घेऊन 'रमझान' म्हणत. अलिबागचे सिनेगॉग तेव्हा वीस वर्षांचे होते. दक्षिण कोकणात सूर्य झाकला जात होता, आणि उत्तर कोकणात महिन्याच्या मस्तकाची स्तोत्रे म्हणण्याची तीच सकाळ होती. एकीकडे दुर्बिणी आणि एकीकडे दाविदाची स्तोत्रे. दोहोंना तारीख मात्र एकाच चंद्राने दिली होती.

त्यानंतरची उदाहरणे थोडक्यात सांगतो. १६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी ग्रहणाच्या भीतीने मुंबईचे रस्ते ओस पडले होते, हे वडीलधाऱ्यांना अजून आठवते. तो वार शनिवार होता आणि रोश होदेश दुसऱ्या दिवशी. त्या शनिवारी सगळी मुंबईच शनवार तेली झाली होती म्हणानात! २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण ऐन दिवाळीत आले आणि त्याच दिवशी यहुद्यांचा हेश्वान महिन्याचा रोश होदेश होता. २६ डिसेंबर २०१९ चे ग्रहण नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाले. आदल्या संध्याकाळी आमच्या घरात गोठ्याचा देखावा उजळला होता आणि बेने इस्राएल घरांत हनुक्का या प्रकाशाच्या सणाचा चौथा दिवा लागला होता. हनुक्का हा सण पूर्वी कोकणातील या लोकांना ठाऊकच नव्हता. मागाहून बाहेरच्या धर्मबंधूंकडून तो त्यांच्याकडे आला.

परंतु मला विशेष सांगायचे आहे ते २२ जुलै २००९ च्या ग्रहणाविषयी, कारण ते आमच्या दारातले. त्या बुधवारी खग्रास पट्टा खंबायतच्या आखातावरून जमिनीवर चढला. सुरत त्याच्या मध्याजवळ होती आणि आमचा दमणगंगेचा काठ त्याच्या दक्षिण कडेजवळ. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास सुरतेस तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ रात्र झाली. आमच्या अथालला जुलैचे ढग दाटले होते. सूर्य दिसला नाही, पण उजाडलेली सकाळ परत मावळली, पाखरे चिडीचूप झाली आणि थोड्या वेळाने कोंबड्यांनी दुसऱ्यांदा बांग दिली.

त्या एका सकाळला तीन नावे होती. हिंदू घरांत ती आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. वेध पाळणाऱ्या घरांत चुली थंड होत्या. गरोदर स्त्रियांना बाहेर पडू नका, विळीला हात लावू नका, अशी ताकीद होती. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ते एकविसाव्या शतकातील सर्वांत दीर्घ खग्रास ग्रहण. आणि बेने इस्राएलांचा तो अव महिन्याचा रोश होदेश. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून आदल्या संध्याकाळपासूनच तो लागला होता.

अव हा मोठा विलक्षण महिना आहे. त्याचा पहिला दिवस इतर महिन्यांप्रमाणे स्तुतिगीतांचा. परंतु तेथूनच नवव्या दिवसापर्यंतचा शोककाळ सुरू होतो. यरुशलेमचे मंदिर बाबेलच्या लोकांनी जाळले आणि पुढे सन ७० मध्ये रोमन लोकांनी दुसरे मंदिर पाडले, या दोन्ही घटनांचे सुतक नवमीला धरतात. कोकणात या उपवासाचे नाव काय असावे? 'बिरड्याचा रोजा'! त्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून वालाचे बिरडे करायचे. मंदिराच्या विध्वंसाचा शोक वालाच्या बिरड्यात साठवून ठेवणारा समाज किती अस्सल कोकणी झाला असेल, याची यावरून कल्पना येईल. वर्षारंभाला नव्याचा सण, मग खिरीचा सण, प्रायश्चित्ताच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, ही नावेही अशीच स्वयंपाकघराच्या वाटेने आलेली. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ती नोंदवून ठेवली. ते पुस्तक त्यांच्या पश्चात १९३७ साली छापले गेले.

त्या सकाळची एक हकीकत मला माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सांगितली. ते बेने इस्राएल, पेशाने माझ्यासारखेच शिक्षक, आता निवृत्त. मूळ गाव रायगड जिल्ह्यातले. रोश होदेशला गावच्या सिनेगॉगमध्ये जायचे, हा त्यांचा नेम. येथे एक नियम सांगितला पाहिजे. यहुदी धर्मात काही प्रार्थना एकट्याने म्हणता येतात. परंतु पवित्र कोशातून नियमशास्त्राची गुंडाळी बाहेर काढून वाचायची, किंवा मृतांसाठी 'कद्दीश' म्हणायचे, तर तेरा वर्षांवरील दहा पुरुष हजर असावे लागतात. या दहांना 'मिन्यान' म्हणतात. नऊ विद्वान जमले तरी चालत नाही. दहावा अडाणी असला तरी चालतो. गणसंख्येचा हा नियम आमच्या शिक्षकांच्या सभांना लावला तर निम्म्या सभा तहकूब होतील.

त्या दिवशी पाऊस होता, ग्रहण होते, रिक्षा मिळत नव्हत्या. सिनेगॉगचे दार उघडणारा शेजारचा मुसलमान माणूस मात्र वेळेवर आला होता. जमले नऊ. त्यांतील एकाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध त्याच आठवड्यात होते. त्याला कद्दीश म्हणायचे होते आणि त्यासाठी तो रात्रीच मुंबईहून निघून आला होता. नऊ जणांनी आपापली स्तोत्रे म्हणायला घेतली. बाहेर अंधारून आले, आतला दिवा एकदम मोठा वाटू लागला. कोणी कोणाशी बोलले नाही. मग पुन्हा उजाडले. साडेसात झाले, आठ झाले. मुंबईहून आलेले गृहस्थ घड्याळ पाहत नव्हते, दाराकडे पाहत होते.

साडेआठला दहावा माणूस भिजत आला. वयस्क गृहस्थ. त्यांनी उशिराचे कारण सांगितले ते असे : सून गरोदर, मुलगा परगावी. शेजारणी येऊन तिला नाना गोष्टी सांगून गेल्या होत्या. पोर घाबरून रडत होती. "मोक्ष होईपर्यंत तिच्याजवळ बसलो. ग्रहणावर माझा विश्वास नाही, पण तिच्या भीतीवर होता," असे ते म्हणाले. कोणी त्यांना बोल लावला नाही. गुंडाळी बाहेर निघाली, गणना या पुस्तकातील नव्या चंद्राच्या अर्पणांचा भाग वाचला गेला, आणि मुंबईच्या गृहस्थांनी कद्दीश म्हटले.

यहुदी धर्मशास्त्र ग्रहणाविषयी काय म्हणते, हे मी माझ्या स्नेह्यांना विचारले होते. त्यांचे उत्तर मला फार चिंतनीय वाटले. यहुदी माणूस वीज पाहून धन्यवाद म्हणतो, इंद्रधनुष्य पाहून म्हणतो, समुद्र पाहून म्हणतो, धूमकेतू पाहूनही म्हणतो; या प्रत्येकासाठी ठरलेली वचने आहेत. ग्रहणासाठी मात्र एकही नाही. तालमूद या ग्रंथात ग्रहण हे अशुभ चिन्ह म्हणून सांगितले आहे. पण त्याच ठिकाणी यिर्मया संदेष्ट्याचाही आधार घेतला आहे. आकाशातील चिन्हांना इतर लोक भितात, तुम्ही भिऊ नका, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. म्हणजे धन्यवाद नाही आणि भीतीही नाही. ज्याचा क्षण शेकडो वर्षे आधी गणिताने सांगता येतो ते पापाचे चिन्ह कसे, हा प्रश्न त्यांच्या पंडितांनी पुढे पुष्कळ घोळला. माझ्या मते प्रश्नाचे खरे उत्तर त्या दहाव्या माणसाने दिले होते. पण तो पंडित नव्हता.

आम्हां ख्रिस्ती लोकांनाही या विषयात एक जुने कोडे आहे. प्रभू येशू ख्रिस्त क्रुसावर असताना दुपारी तीन तास अंधार पडला, असे शुभवर्तमानात आहे. हे सूर्यग्रहण होते, असे म्हणणारे लोक पहिल्या काही शतकांतच निघाले. तिसऱ्या शतकातील ज्यूलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने त्यांना उत्तर दिले : तो काळ वल्हांडण सणाचा, आणि वल्हांडण पौर्णिमेला येतो; पौर्णिमेला सूर्यग्रहण होणे शक्य नाही. पाहा, ख्रिस्ती लेखकाला आपल्या धर्मग्रंथाचा अर्थ लावण्यासाठी यहुदी पंचांगाचा आधार घ्यावा लागला. हे पंचांग आमचेच आहे, हे आम्ही पुढे कित्येक शतके विसरलो. त्या क्रुसाचा दोष आम्ही सगळ्या यहुद्यांच्या माथी मारीत राहिलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी तो दोष स्पष्ट शब्दांत नाकारला. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय होते. वनस्पतींचा थोर अभ्यासक गार्सिया द ऑर्ता हा मूळचा यहुदी वंशाचा. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. आमच्या सिल्वासावरही पोर्तुगीज निशाण १९५४ पर्यंत होते, म्हणून हा इतिहास मी आमच्या मुलांना सांगतो. दहा माणसांनी उघडपणे एकत्र जमणे ही गोष्ट सर्वत्र आणि सर्वकाळ सुलभ नव्हती. कोकणाने ती शतकानुशतके सुलभ ठेवली. २००९ च्या त्या ग्रहणाच्या आधी आठच महिने मुंबईत नरिमन हाउसवर हल्ला होऊन तेथील तरुण धर्मगुरू व त्यांची पत्नी यांच्यासह सहा जण मारले गेले होते. मुंबईतील सिनेगॉगांच्या दारावर त्यानंतर बंदुकधारी पोलीस आले. गावातल्या त्या सिनेगॉगच्या दारावर मात्र तोच शेजारी होता, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

अडचण निराळीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर या समाजाची संख्या भारतात सुमारे वीस हजार होती. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि घरामागून घर तिकडे गेले. आज येथे पाच हजारही उरलेले नाहीत. छळ झाला म्हणून ते गेले नाहीत, हे ते स्वतः आवर्जून सांगतात; तिकडे जाऊन त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, हे योग्यच झाले. पण शासनाच्या निर्णयाने दहावा माणूस येत नाही. ज्या गृहस्थांची हकीकत मी सांगितली, त्यांना नातू झाला, आणि काही वर्षांनी ते सारे कुटुंब इस्राएलला गेले. गावच्या सिनेगॉगमध्ये आता रोश होदेशला दहा जण जमतीलच असे नाही. माझे स्नेही आदल्या आठवड्यात दूरध्वनी करू लागतात : ठाण्याला दोन, पनवेलला एक, मुंबईला तीन, असे. मी एकदा विचारले, "मी आलो तर?" ते हसून म्हणाले, "या की. पण मोजता येणार नाही."

आता पुढचे ग्रहण सांगतो. २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्झरजवळ ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास दिसेल. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दुपार कलल्यानंतर खंडग्रास. २ ऑगस्ट हा दादरा नगर हवेलीचा मुक्तिदिन. सकाळी शाळेत झेंडावंदन होईल, आणि ढगांनी कृपा केली तर दुपारी मुलांना ग्रहण दाखवता येईल. काळ्या काचा, क्षकिरणांच्या जुन्या फिती यांतून पाहायचे नाही, हे आतापासूनच बजावून ठेवले आहे. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडणे हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय. यहुदी पंचांगाप्रमाणे तो तम्मूज महिन्याचा अठ्ठाविसावा दिवस आहे. अव महिन्याचा रोश होदेश त्यानंतर दोन दिवसांनी, बुधवारी येतो.

मी माझ्या स्नेह्यांना त्या दिवशी अथालला येऊन मुलांशी दोन शब्द बोलण्याची विनंती केली आहे. येतो म्हणाले. मात्र मंगळवारी सकाळच्या गाडीने परत निघायचे, अशी अट त्यांनी घातली आहे. बुधवारच्या दहांपैकी सहा नावे त्यांच्या वहीत आजच लिहिलेली आहेत, आणि त्यांतले पहिले त्यांचे स्वतःचे आहे.